आजची जागा

अतिक्रमणवाल्यांच्या धाकानं माणिक आपला गिल्या वड्याचा फूड ट्रक रोज नव्या जागी लावायची. जागा व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकायची. स्टेटस टाकायला नवऱ्यानंच शिकवलं होतं. ते पाहून पार दर्यापूरचे पोट्टेसुद्धा हुडकत यायचे.

पण या महिन्यात तीनदा गिऱ्हाइकांच्या आधी पथकच आलं आणि गाडी उचलून नेली. तिन्ही वेळा कामावरून नवऱ्याचा फोन आला, "नेली का? जाऊ दे वं, बंद कर आता. घरी बस."

आज तिनं स्टेटस सगळ्यांपासून लपवलं, फक्त एका नंबराला दिसेल असं ठेवलं. लिहिलं, "सायन्सकोर मैदानाजवळ." आणि तिथं एकटीच जाऊन उभी राहिली.

पंधरा मिनिटांत पथकाची जीप आली.

"बाई, गाडी कुठी हाय?"

ती काही बोलायच्या आत फोन वाजला.

"नेली का आजबी? किती डाव सांगतलं तुले, बंद कर म्हणून!"

"नाही जी," माणिक म्हणाली, "गाडी अंगणातच उभी हाय. अन् आजची जागा मी फक्त तुमालेच दाखवली होती."