सहा बोल्ट

"सहा बोल्ट थेट भिंतीत ठोकलेत. भूकंप आला ना, बिल्डिंग पडेल, हे नाय हलणार!" कात्रपच्या फ्लॅटवर येईल त्याला जितेश हेच ऐकवायचा. दाराजवळच्या पॅसेजमध्ये त्याचं काचेचं शोकेस उभं होतं. आत लाइट, आणि कुठून कुठून मागवलेले खेळण्यातले रोबो, ड्रॅगन, योद्धे. त्याचे वडील वॉकर घेऊन तिथून निघाले, की जितेशची हाक ठरलेली, "अप्पा, सांभाळून, काच आहे!"

"जित्या, उद्या मला आडवं न्यायची वेळ आली, तर तुझे हे बाहुले रस्ता देतील काय रे?" अप्पा हसत विचारायचे.

"काय पण बोलता! अजून वीस वर्षं तुम्ही कुठे जात नाय."

अप्पा त्याच वर्षी दिवाळीत गेले. शववाहिनीचं स्ट्रेचर पॅसेजमध्ये वळेना. जितेश रडत रडत पाना फिरवत राहिला, पण एकही बोल्ट सुटला नाही. शेवटी अप्पांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं.

खुर्ची शोकेसजवळ वळली आणि सवयीने जितेशच्या तोंडून निघालं, "अप्पा, सांभाळून, काच आहे."