सत्तेचाळिसावं इंजिन

केतकी सरंजामेनं "चल रे राजा" म्हटलं, की क्षेपणास्त्राचं ते छोटं जेट इंजिन थरथर थांबवून सुरळीत चाले. आवाज ओळखून शिकणारी ही इंजिनं घडवली होती धडफळ्यांनी. पण त्यांनी हाक मारली, की ती नुसती खोकत. धडफळ्यांचा नुसता जळफळाट होई.

सत्तेचाळिसाव्या इंजिनाला त्यांनी तिला हातच लावू दिला नाही. तीन आठवडे ते एकटेच त्याच्याशी बोलले.

उड्डाणाच्या सकाळी केतकीनं विचारलं, "सर, निरोप दिलात ना? 'आता माझा आवाज विसर' असं सांगितल्याशिवाय मी एकही सोडत नाही."

"तुमची नाटकं तुमच्यापाशीच ठेवा!"

इंजिन त्यांच्या पहिल्या हाकेला पेटलं. धडफळ्यांनी तिच्याकडे बघत मिशीवरून बोट फिरवलं.

नवव्या मिनिटाला रडारवरचा माणूस ओरडला, "सर, ते वळलं! इकडेच येतंय!"

बाकीचे सगळे तळघराकडे पळाले. केतकीनं माइकवरून हाका मारल्या, पण ते ऐकेना.

"सर, तुम्ही बोला! समुद्राकडे जा म्हणा, तुमचंच ऐकेल!"

धडफळ्यांनी माइक घेतला. तिचं खरंच ऐकलं नव्हतं त्यानं. इंजिनाची शिटी जवळ येत होती.

"ये," ते म्हणाले.