तिसरा वेढा

“छाट!”

चेकर लक्ष्मणरावांनी पंचवीस बिड्यांचा कट्टा मागच्या, नापास मालाच्या टोपलीत भिरकावला. कान ट्रान्झिस्टरवर, डोळेही ट्रान्झिस्टरवर. तिकडे क्रिकेटचा सामना रंगला होता आणि इकडे आसगावच्या बीडी-केंद्राच्या पडवीत घरून माल वळून आणलेल्या बायांचा जीव टांगणीला लागला होता.

शकुनबाईचा दुसरा कट्टा गेला. तिसरा गेला. सलग तिसरा आठवडा होता हा! आज माल पास झाला नाही तर तिचं कार्ड फाटणार होतं. कार्ड फाटलं की काम बंद, आणि काम बंद झालं की नववीतल्या लेकीची, रुखमिणीची, शाळाही बंद. आईने तसं स्पष्टच सांगून ठेवलं होतं.

रुखमिणीने मात्र हे आठवडे वाया घालवले नव्हते. आईच्या मागे उभी राहून ती एकच काम करत होती, लक्ष्मणरावांकडे टक लावून पाहणं. आणि काय सापडलं तिला! चौकार बसला की कोणाचाही माल पास. गडी बाद झाला की कोणाचाही छाट. बीडीकडे हा माणूस बघतच नव्हता!

फक्त एका कार्डाला कधीच काही होत नसे. त्यांच्या बायकोच्या, उषाबाईच्या. गावात सगळ्यात सुबक हात तिचा. बाकीच्या बाया बीडीला दोऱ्याचे दोन वेढे देत, ती तीन देई. त्या तिसऱ्या वेढ्याची फुशारकी लक्ष्मणराव स्वतःच मारत. आजही तिची टोपली पहिली घेतली आणि झटक्यात पास केली. “पाहा वं बायांनो, याले म्हणते हात!”

उषाबाई हसलीसुद्धा नाही. सकाळी विहिरीवर रुखमिणीशी बोलतानाही तिचा चेहरा असाच गंभीर होता. माल पास झाला तरी घरी न जाता ती दाराशीच थांबली.

“आउट!” ट्रान्झिस्टर ओरडला. शकुनबाईची अख्खी टोपली छाटीत उलटली.

“शकुनबाई, हाताले लकवा मारला का तुह्या? हा कचरा म्हैसबी सुंगणार नाही!”

“काका,” रुखमिणी पुढे झाली, “रेडिओ बंद करा अन् एक बीडी तरी डोळ्यानं पाहा.”

“चूप बस वं!” आईने तिला कचकन चिमटा काढला.

“नववीत काय गेली, मले चेकरी शिकवून राहिली का, पोट्टे?” लक्ष्मणराव लालबुंद झाले. “कायले पाहू? पंधरा साल झाले, हात लावला की समजते मले!”

त्यांनी कार्ड दोन्ही हातांत धरलं. फाडायला.

खट्! ट्रान्झिस्टर बंद झाला. उषाबाईने केला होता. छाटीतला एक कट्टा उचलून तिने नवऱ्यासमोर आपटला.

“एक बीडी काढा. वेढे मोजा.”

“एक,” लक्ष्मणराव गुरगुरले. “दोन.” मग त्यांचं बोट तिसऱ्या वेढ्यावर अडलं. पहिल्यांदाच ते बीडी डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते.

“तीन म्हणा की जी,” उषाबाई म्हणाली. “सकाळी या पोट्टीनं अन् मी टोपल्या बदलल्या. तुम्ही नावाजला तो माल शकुनचा होता, अन् हा कचरा माह्या हातचा आहे.”