ड्रॅगनचं घरगुती कोडं

ड्रॅगनने शार्दूलला गिळलं. पण तसं काही झालंच नाही, असं तूर्तास धरून चालू.

प्रत्येकाच्या कानात सर्वज्ञ यंत्र बसल्यापासून मुक्ताची कोडी ऐकून संपायच्या आत सुटायची. आजचंही सुटलं, तर ती दर शनिवारी मांडायची तो पटावरचा खेळ, ज्यात कोडं न सुटलेल्या वीराला ड्रॅगन गिळतो, कायमचा बंद करणार होती.

ड्रॅगनच्या आवाजात तिने धाकट्या भावाला, शार्दूलला, विचारलं, "रात्री भिजली, गच्चीवर वाळली, आळ आला मांजरावर, घरात मांजरच नव्हतं. ओळख!"

यंत्र गप्प. ही भानगड फक्त दोघा भावंडांना ठाऊक होती. शार्दूलचे कान लाल झाले. पटाभोवतीचे मित्र उत्तर ऐकायला टपलेलेच होते.

"ताई, प्लीज!"

"उत्तर दे, वीरा."

"त्यापेक्षा गीळ मला."

मुक्ताने त्याला मायेने गिळलं आणि पुढच्या शनिवारचा डाव जाहीर केला.

तेवढ्यात सगळ्यांच्या कानात सूचना आली: "यापुढे घरातील सर्व फजित्या यंत्रासमक्ष करण्यात याव्यात, ही नम्र विनंती."