राखीव सर्व्हर

समुद्रातलं वादळ अचानक फिरलं. रत्नागिरीच्या होड्यांनी जयगडच्या खाडीत शिरावं की माघारी यावं, हे हवामान केंद्रातल्या मनालीने सांगायचं होतं. वायरलेसवर होड्यांचे तांडेल ओरडत होते, "मॅडम, लवकर सांगा!" वादळ कुठे वळणार याचं गणित मोठं आणि तिचे सर्व्हर अपुरे. पण तिच्या केंद्रासह चार संस्थांनी आपापले सर्व्हर एकमेकांना जोडले होते. एकाला कमी पडलं की दुसऱ्याने द्यायचं, असा करारच होता. तिने त्यांतल्या मुंबईच्या संस्थेत प्रभुदेसाईसरांना फोन लावला.

"सर, तुमचे सर्व्हर मोकळे दिसतायत. तासभर द्या, होड्या बाहेर आहेत."

"आज नाही जमणार. उद्याच्या कार्यक्रमासाठी मुद्दाम मोकळे ठेवलेत."

"कसला कार्यक्रम?"

"अगं, आपल्याच योजनेचं उद्घाटन! अडीअडचणीला आपण एकमेकांना सर्व्हर कसे देतो, ते पाहुण्यांना दाखवायचंय."

"मग पाहुण्यांना आजच पाठवा ना, सर! होडीत बसवते एकेकाला!"

तिने फोन आपटला. त्याच हाताने तिने वायरलेस उचलला आणि नुसत्या अंदाजाने सांगितलं, "खाडीत शिरा."