खालचा खण

औषधवाल्या ताई खालच्या खणाशी वाकल्या आणि सुनेनं चोरून समोरच्या बाकाकडे बघितलं. तिथे सासूबाई बसल्या होत्या. त्यांचे कान तिखट आणि डोळे त्याहून तिखट.

"चक्कर येते, जरा प्रेशर बघून घेते," असं त्यांना सांगून ती पडद्यामागच्या खोलीत जाऊन आली होती. तिथे ताईंनी तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. पट्टीवर एकच रेघ उमटली. "तुम्हाला काही झालेलं नाही," ताई हळूच म्हणाल्या. "आता होऊही द्यायचं नाही. आजपासून रोज एक गोळी. चुकवायची नाही."

एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची ही गोळी आधी फक्त मोठ्या इस्पितळात मिळायची. तिथे जायचं तर अख्खा दिवस मोडायचा, आणि घरी त्या दिवसाचा हिशेब द्यायचा. आता गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात आली होती. पण दुकानापर्यंत सासूबाई सोबत आल्याच. इकडे आड, तिकडे विहीर.

नवरा दूरच्या कामावर होता, महिनाअखेरीला घरी येणार होता. त्याच्या बाहेरच्या भानगडी तिला कळून चुकल्या होत्या. मागच्या खेपेला तिनं निरोधचं नाव काढलं, तर त्यानं हात उगारला. तो येणार म्हटलं की आताशा तिला घास गिळवत नसे.

घरी परतताना डबी कमरेला खोचलेली होती आणि पावलागणिक खुळखुळत होती. सगळी गल्ली ऐकतेय असं तिला वाटलं. सासूबाई मात्र भाजी महाग झाल्याचं बोलत होत्या. त्या घरात लपवायला जागाच नव्हती. बाहेरून आलेली पिशवी सासूबाई स्वतः ओट्यावर रिकामी करत, कपाटं स्वतः आवरत. कुलूप होतं ते फक्त त्यांच्या गोळ्यांच्या डब्याला, आणि किल्ली त्यांच्या कनवटीला. "प्रेशरच्या गोळ्यांना कसलं कुलूप? सोनं आहे का आत?" अशी नवरा आईची चेष्टा करायचा.

घरात शिरताच सासूबाईंनी दाराला आतून कडी घातली.

"काढ ती डबी."

"कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, आई."

"कॅल्शियम वरच्या फळीवर असतं. ताई खालच्या खणाशी वाकल्या होत्या."

सुनेनं डबी ओट्यावर ठेवली. आता लेकाला फोन जाणार, मग तो महिनाअखेरीची वाटही बघणार नाही. तिनं मान खाली घातली.

"आधीची की नंतरची?" सासूबाईंनी विचारलं.

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती कशीबशी म्हणाली, "आधीची. होऊ नये म्हणून."

सासूबाईंनी ओट्याचा आधार घेतला. मग कनवटीची किल्ली काढून त्यांनी डबा उघडला. आत तशीच एक डबी होती. ती त्यांनी थोडी बाजूला सरकवली.

"मग इथे ठेव, हिच्याशेजारी. माझ्या डब्याला तो हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "माझी नंतरची आहे."