जामीनदार

मस्कतला बारा वर्षं क्रेन चालवून बन्सी करमाडला परतला, पण त्याला रिक्षासाठी कर्ज द्यायला बँकेचा साहेब तयार होईना.

"इथं तुमचा काहीच रेकॉर्ड नाही. आजच्या आज जामीनदार आणा."

बन्सीची बायको चतुरा वर्षापूर्वीच वारली. आता गावात त्याला ओळखणारं होतं कोण? शेवटी भीतभीत त्यानं तिच्या बचत गटाच्या अध्यक्ष साळूबाईला गाठलं. ती लगेच बँकेत आली आणि काही न विचारता सही करून मोकळी झाली.

कर्ज मंजूर झालं. बँकेबाहेर येताच बन्सीनं साळूबाईला थांबवलं.

"मावशी, तुम्ही मला नीट ओळखत बी नाय."

"पाव्हणं, तुम्हाला कोण ओळखतंय? चतुरानं गटातून सात वेळा कर्ज घेतलं, एक हप्ता चुकवला नाय. तिच्याकडं बघून सही केली."

"कर्ज? कशाला? माझा पगार अडकला की मी फोन करून विचारायचो. भागतंय म्हणायची."

"व्हय. माझ्याच ओसरीत बसून म्हणायची. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं कर्जाच्या अर्जावर अंगठा."